डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास का?



१८ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत लूकचा सण साजरा करते. लूक हा डॉक्टर मंडळींचा आश्रयदाता संत. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी लूकचा वैद्य म्हणून प्रेमाने उल्लेख केला आहे. म्हणजे चार शुभवर्तमानकारांपैकी एक जण रोगी तपासणारा, औषध देणारा माणूस होता, असे परंपरेने मानले आहे.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेल्या स्त्रीची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. ती मार्कने सांगितली आहे आणि लूकनेही. मार्क अगदी स्पष्ट लिहितो. तिने पुष्कळ वैद्य केले, त्यांच्या हातून पुष्कळ सोसले, जवळचा सगळा पैसा घालवला आणि दुखणे उलट वाढले. लूकने मात्र एवढेच सांगितले आहे की, तिला कोणीही बरे करू शकले नव्हते. वैद्यांच्या हातून तिला सोसावे लागले, हा भाग त्याने गाळला आहे. पवित्र शास्त्राचे अभ्यासक येथे गंमतीने म्हणतात, की वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांभाळून घेतले!

गंमत बाजूला ठेवू या. ह्या एका गोष्टीत दोन सत्ये शेजारी शेजारी उभी आहेत. उपचार करणारा हात हा देवाचे वरदान आहे. आणि त्याच हातातून, निष्काळजीपणामुळे किंवा अज्ञानामुळे, माणसाला इजाही होऊ शकते. दोन हजार वर्षांपूर्वी हे खरे होते आणि आजही खरे आहे. म्हणून आज आपण आपल्या घराजवळच्या दवाखान्याविषयी थोडा विचार करणार आहोत.

आपला दवाखाना

मोठ्या हॉस्पिटलात आपण आयुष्यात चार-सहा वेळा जातो. पण नाक्यावरच्या दवाखान्याची पायरी आपण वर्षातून कितीतरी वेळा चढतो. बाहेर बाकडे, आत एक टेबल, पडद्यामागे तपासायची खाट, आणि खिडकीशी गोळ्या बांधून देणारा कंपाउंडर. त्या डॉक्टरांनी आपल्या आजोबांना तपासलेले असते, आपल्याला गोवराच्या वेळी पाहिलेले असते आणि आता आपल्या नातवालाही तेच तपासतात. आपल्या वसईत असे कितीतरी फॅमिली डॉक्टर आहेत, ज्यांनी पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून येऊन रोगी पाहिले आहेत. हा तीन पिढ्यांचा विश्वास ही मोठी संपत्ती आहे. तो मोडावा असे मी मुळीच सांगणार नाही.

मला एवढेच सांगायचे आहे की, विश्वासाने डोळे मिटून घ्यायचे नसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. ह्या संघटनेच्या म्हणण्यानुसार, जगभरात उपचार घेताना साधारण दहापैकी एका रुग्णाला उपचारातूनच काही ना काही इजा होते. छोटे दवाखाने आणि बाह्यरुग्ण विभाग येथे हे प्रमाण दहापैकी चारपर्यंत जाते. त्यातली बरीचशी इजा टाळता येण्यासारखी असते. चुकीची गोळी, चुकीचा डोस, उशिरा झालेले निदान, नीट न धुतलेले हात, अशी ही साधी साधी कारणे आहेत.

मग टाळता येण्यासारखे असताना ती का टळत नाही? एक कारण असे की, आपण विचारत नाही. "डॉक्टरांना कसे विचारायचे? त्यांना वाईट वाटेल. ते रागावतील. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते." असे म्हणून आपण चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि घरी येतो.

मरियामातेचा प्रश्न

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात दोन माणसे देवदूताला प्रश्न विचारतात. जखऱ्या विचारतो आणि मुका होतो. मरिया विचारते आणि तिला उत्तर मिळते. फरक काय? जखऱ्याला देवदूताचे म्हणणे पटतच नव्हते, त्याला आधी पुरावा हवा होता. मरियेने मात्र हे कसे घडणार एवढेच विचारले, कारण जे घडणार होते त्यात तिला मनापासून सहभागी व्हायचे होते. आणि उत्तर मिळाल्यावर तिने होकार दिला.

प्रत्यक्ष देवाकडून आलेल्या दूताला एका साध्या मुलीने प्रश्न विचारला आणि देवदूत रागावला नाही. मग डॉक्टरांना आपण "ही गोळी कशासाठी?" असे विचारले, तर तो अविश्वास कसा होईल? समजून घेऊन सहकार्य करण्यासाठी विचारलेला प्रश्न हा विश्वासाचाच भाग आहे. इंटरनेटवर दोन ओळी वाचून डॉक्टरांची परीक्षा घ्यायला जाणे, ही मात्र जखऱ्याची वाट.

सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवताना प्लेटोचा 'लॉज' हा ग्रंथ अभ्यासाला होता. त्यात प्लेटोने दोन प्रकारचे वैद्य सांगितले आहेत. त्याच्या काळी गुलामांवर उपचार करणारा वैद्य घाईघाईने एकाकडून दुसऱ्याकडे जात असे. तो रोग्याचे काही ऐकत नसे, त्याला काही समजावत नसे, हुकूम सोडल्यासारखे औषध सांगून निघून जात असे. स्वतंत्र नागरिकांचा वैद्य मात्र रोग्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलत असे, त्यांच्याकडून स्वतःही शिकत असे, आणि रोग्याला पटवून दिल्याशिवाय उपचार सुरू करत नसे. हे लिहिले गेले त्याला सुमारे तेवीसशे वर्षे झाली. आपण देवाची लेकरे आहोत, गुलाम नाही. तेव्हा आपल्याशी स्वतंत्र माणसासारखे बोलले जावे ही अपेक्षा चुकीची नाही. पण त्यासाठी आपणही गुलामासारखे मुकाट बसून चालणार नाही.

शोमरोन्याची चार पावले

चांगला उपचार कसा ओळखावा? त्याचे माप लूकनेच आपल्याला दिले आहे. दयाळू शोमरोन्याचा दाखला फक्त त्याच्याच शुभवर्तमानात आहे, आणि तो वाचताना एखाद्या वैद्याने लिहिल्यासारखा वाटतो. शोमरोनी चार गोष्टी करतो.

पहिली गोष्ट, तो जवळ येतो. याजक आणि लेवी ह्यांनीही जखमी माणसाला पाहिले होते, पण लांबून. ॲरिस्टॉटल हा वैद्याचा मुलगा होता. तो म्हणतो की, वैद्य 'माणूस' नावाच्या कल्पनेला बरा करत नाही, तो समोरच्या ह्या एका माणसाला बरा करतो. चांगला डॉक्टर मान वर करून आपल्याकडे पाहतो, ऐकतो, हात लावून तपासतो. आपल्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आधीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारतो. त्यांनी गर्दीत विचारले नाही, तर आपण आपणहून सांगावे.

दुसरी गोष्ट, तो जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो. त्या काळी जखम धुवायला द्राक्षारस वापरत आणि दाह कमी करायला तेल. म्हणजे आधी स्वच्छता. १८४७ साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की, सुईणींच्या वॉर्डापेक्षा डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी कितीतरी जास्त मरतात. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत होते. सेमेलवाइस ह्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल महिन्यात १८ टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले. तरी अनेक डॉक्टरांना राग आला. आमचे हात अस्वच्छ कसे असतील, असे त्यांना वाटले! मिस्साबलीत अर्पणाच्या वेळी धर्मगुरू हात धुतो, कारण त्या हातात पवित्र असे काही येणार असते. रोग्याचे शरीरही पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. त्याला स्पर्श करण्यापूर्वी हात धुवायला हवेत, ह्यात कोणाचाही अपमान नाही.

आणि सुई! २००९ साली गुजरातमध्ये मोडासा परिसरात 'हेपेटायटिस बी'च्या काविळीची साथ आली आणि अनेकांचे बळी गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे तपासात पुढे आले. २०१८ साली उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ भागात, चाळीसहून अधिक माणसांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. गावोगाव फिरून स्वस्तात सुई टोचणाऱ्या एका बोगस डॉक्टरवर एकच सिरिंज अनेकांना वापरल्याचा ठपका आला. तिथले लोक त्याच्याकडे भोळ्या विश्वासानेच गेले होते. म्हणून इंजेक्शन घेताना सिरिंजचे नवे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, हे पाहा. टोचून झाल्यावर सुई कापून, न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची असते. ती साध्या कचऱ्यात जात असेल, तर नम्रपणे बोलून दाखवा. ती सुई उद्या कचरा उचलणाऱ्या भगिनीच्या हातात घुसणार असते. तीही आपली शेजारीण आहे.

तिसरी गोष्ट, शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो. रस्त्यावर जेवढे करणे शक्य होते तेवढे केल्यावर, पुढची सोय दुसरीकडे आहे हे त्याने ओळखले. आपल्या मर्यादा ओळखणे ही चांगल्या डॉक्टरची मोठी खूण आहे. "हे माझ्या दवाखान्यात होणार नाही, लगेच हॉस्पिटलात जा," असे सांगणाऱ्या डॉक्टरांचे आभार माना. त्यांना काही येत नाही, असे म्हणू नका. छातीत दुखू लागले, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर "गॅस झाला असेल" म्हणून घरी थांबू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पावसाळ्यानंतर ताप आला तर तो डेंग्यूचा किंवा लेप्टोचाही असू शकतो. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामके धोक्याची ठरतात, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून "ताप लगेच उतरेल अशी सुई मारा" हा हट्ट अंगाशी येऊ शकतो.

चौथी गोष्ट, तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि परत येण्याचे वचन देतो. उपचार चिठ्ठी लिहून संपत नाही. गोळ्या लागू पडल्या का, त्रास झाला का, कधी थांबवायच्या, हे पाहायला पुन्हा भेट लागते. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा उशाशी गोळ्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी हमखास दिसते. एका घरी आजींना सारखी चक्कर येत होती. सुनेने एकदा चष्मा लावून पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचली. दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत बीपीचे एकच औषध होते. आजी रोज दुप्पट डोस घेत होत्या. देवकृपेने पडून हाड मोडण्याआधी ते लक्षात आले. दोन्ही डॉक्टर चांगले होते. पण एकाला दुसऱ्याची चिठ्ठी कोणी दाखवलीच नव्हती.

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ह्या सगळ्यांत पॅरासिटामॉलच असते, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते. ती एकावर एक घेतली तर यकृतावर ताण येतो. लहान मुलांच्या तापाचे थेंब हे त्याच औषधाच्या सिरपपेक्षा बरेच तीव्र असतात. म्हणून थेंब कधीही सिरपच्या चमच्याने मोजू नका. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी घटक असलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती शक्यतो टाळावीत. ती मुले बहुतेक साध्या सर्दी-खोकल्याने आजारी होती. त्यांच्या आईबापांनी औषध प्रेमानेच पाजले होते, हे विसरता येत नाही.

आपलीही जबाबदारी

सगळा भार डॉक्टरांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. "डॉक्टर, सलाईन लावा, अंगात पॉवर येईल," असा आग्रह कोण धरतो? गोळी पुरेशी असताना सुई मागणारे आपणच. सुई न देणारा डॉक्टर सोडून, देणाऱ्याकडे जाणारेही आपणच. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तरी आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ते मागून घेतो आणि दोन दिवसांत बरे वाटले की उरलेले कपाटात ठेवतो. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. २०१९ ह्या एका वर्षात जगात सुमारे साडेबारा लाखांहून अधिक मृत्यू अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. माझ्या घाईची किंमत उद्या शेजारच्या बाळाला मोजावी लागेल, हा विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

काही ठिकाणी रोगी दगावला की नातेवाईक दवाखाना फोडतात, डॉक्टरांवर हात उचलतात. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा नसता तरी ख्रिस्ती माणसाला हे शोभत नाही. मार खाण्याच्या भीतीत काम करणारा डॉक्टर गंभीर रोग्याला हात लावायला धजत नाही, आणि नुकसान शेवटी रोग्याचेच होते. तक्रार असेल तर तिचा सरळ मार्ग आहे. आधी डॉक्टरांशी शांतपणे बोलावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लावायचा असतो, आणि मागितल्यास रोग्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात. समाधान झाले नाही, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. न्याय मागणे हे पाप नाही. सूड घेणे हे पाप आहे.

बायबलमधील सिराखच्या पुस्तकात ३८ व्या अध्यायात वैद्याला मान द्यायला सांगितले आहे, कारण देवानेच त्याला नेमले आहे. औषधे मातीतून देवानेच उत्पन्न केली आहेत, शहाण्याने ती नाकारू नयेत, असेही तेथे म्हटले आहे. आणि एक सुंदर गोष्ट पुढे येते. वैद्यसुद्धा देवाची प्रार्थना करतो, की आपले निदान योग्य ठरावे. प्रार्थना करणारा डॉक्टर स्वतःला देव समजत नाही. मग आपण त्याला देव करून ठेवू नये. तो माणूस आहे, संध्याकाळी शंभरावा रोगी तपासताना थकणारा माणूस. आपला एक योग्य प्रश्न त्याला चुकीपासून वाचवू शकतो. ही त्याचीही सेवा आहे.

ह्या आठवड्यात एवढे करू या

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक कागद तयार करा. त्यावर चालू असलेल्या सगळ्या औषधांची मूळ नावे, डोस, ॲलर्जी आणि जुने आजार लिहा. दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर न्या. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मला काय झाले आहे? हे औषध कशासाठी आणि किती दिवस? कोणते लक्षण दिसले तर मी लगेच परत यावे?

आमच्या तरुण-तरुणींना एक खास विनंती आहे. आपल्या गावात कितीतरी घरांत मुले आखातात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहेत आणि म्हातारे आईवडील एकटे आहेत. त्यांना कमी ऐकू येते, चिठ्ठी वाचता येत नाही, प्रश्न विचारायला संकोच वाटतो. महिन्यातून एक संध्याकाळ काढा. शेजारच्या आजीबरोबर दवाखान्यात जा, बाकड्यावर तिच्या शेजारी बसा, तिच्या वतीने विचारा, आणि घरी येऊन गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या डब्यांत लावून द्या. शोमरोन्याने ह्याहून वेगळे काय केले?

आपल्या धर्मग्रामात जे डॉक्टर, परिचारिका, धर्मभगिनी, कंपाउंडर आणि औषधविक्रेते आहेत, त्यांच्यासाठी ह्या रविवारच्या मिस्सात आपण विशेष प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू आजाऱ्यांच्या जवळ गेलास आणि त्यांना स्पर्श केलास. आमच्या डॉक्टरांना स्वच्छ हात, शांत मन आणि ऐकणारे कान दे. आम्हा रुग्णांना धीर, प्रामाणिकपणा आणि मरियामातेसारखा नम्र प्रश्न विचारण्याचे धैर्य दे. ज्यांना उपचारातून इजा झाली, त्यांच्या जखमा तू स्वतः बांध. आमेन.

आपला ख्रिस्तात बंधू,
प्रमुख धर्मगुरू